५२ − २७ = ३५ : एका वजाबाकीतून अध्ययन उपपत्ती

डी.एल.एड. किंवा बी.एड. करताना आणि पुढे टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची, तयारी करताना आपण सगळ्यांनी या जोड्या पाठ केल्या आहेत. पावलोव्हचा कुत्रा, थॉर्नडाईकचं मांजर, कोहलरचा चिंपांझी, बंडुराची बाहुली. पेपरात त्या बरोबर येतात. मग शाळेवर हजर होऊन आठवडा झालेला नसतो, तेवढ्यात तिसरीतलं एक मूल वही पुढे करतं. वहीत लिहिलेलं असतं ५२ − २७ = ३५. त्या क्षणी पाठ केलेल्या जोड्यांचं काय करायचं, हे कोणी सांगितलेलं नसतं.

हा लेख त्या वहीपासून सुरू होतो. एकच वजाबाकी घेऊन पायरीपायरीने पुढे जाऊ आणि ज्या पायरीला जी उपपत्ती, म्हणजे मूल कसं शिकतं याची जी मांडणी, कामाला येते ती तिथे घेऊ. उपपत्ती म्हणजे धडा घेण्याची तयार पद्धत असं समजून वापरायला गेलं की नवा शिक्षक गोंधळतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. मूल नेमकं कुठे अडलं आहे हे शोधण्यासाठी ती हाताशी ठेवली, तर रोज उपयोगी पडते. सामान फारसं लागत नाही. शे-दीडशे काड्या, रबरबँड, खेळण्यातल्या दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी, पाठकोरे कागद आणि तुमच्यासाठी एक वेगळी वही.

पहिली पायरी : चूक वाचा

फुली मारण्याआधी मुलाला एवढंच विचारा, "हे कसं काढलंस, मला सांग बरं." ज्यांचं उत्तर बरोबर आहे त्यांनाही अधूनमधून हेच विचारत जा. नाहीतर "सर विचारतायत म्हणजे चुकलं" हे मुलं दोन दिवसांत ताडतात आणि बोलण्याआधी खोडरबर हातात घेतात.

३५ या उत्तरामागे निदान दोन वेगळे विचार असू शकतात. एक मूल सांगतं, "सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन." त्याने कोणता अंक वर आणि कोणता खाली हे पाहिलंच नाही, प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केला. दुसरं मूल सांगतं, "दोनातून सात जात नाहीत, म्हणून दशक घेतला. बारातून सात गेले पाच. पाचातून दोन गेले तीन." याला दशक सुटा करायचा असतो हे कळलं आहे, फक्त दशकाच्या घरात आता चारच उरले हे निसटलं. उत्तर दोघांचं एकच, पण पहिल्याला ५२ या संख्येची घडणच पुन्हा दाखवावी लागेल आणि दुसऱ्याला राहिलेला एक टप्पा लक्षात आणून दिला की पुरे. "नीट कर पुन्हा" एवढं सांगून दोघांनाही जागेवर पाठवलं, तर दोघंही पुन्हा ३५ घेऊन येतील.

म्हणून चाचणीची गणितं जपून निवडा. वरच्या एककापेक्षा खालचा एकक बरोबर पाचने मोठा असेल, तर या दोन्ही चुका एकाच उत्तरावर येऊन मिळतात आणि तुम्हाला काहीच कळत नाही. ५२ − २७ मध्ये नेमकं तेच होतं. त्याऐवजी ५३ − २७ द्या. पहिल्या विचाराचं मूल ३४ लिहील, दुसऱ्या विचाराचं ३६. "तीनातून सात जात नाहीत म्हणून शून्य" असं मानणारं ३० लिहील. ८० आलं तर चिन्हाकडे लक्ष गेलं नाही. २५ किंवा २७ आलं तर रीत बहुधा बरोबर आहे, बोटांवर मोजताना एकाची गफलत झाली.

जीन पियाजे पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन कसोट्यांवर काम करत होते. कामाची अपेक्षा होती की बरोबर उत्तरं मोजावीत. त्यांचं लक्ष मात्र चुकीच्या उत्तरांकडे गेलं, कारण एका वयाची मुलं साधारण एकाच तऱ्हेने चुकत होती. मुलाचा विचार म्हणजे मोठ्यांच्याच विचाराची अर्धवट आवृत्ती नसते, त्याला स्वतःचं तर्कशास्त्र असतं, ही त्यांची पुढची सगळी मांडणी तिथून वाढली. वजाबाकीच्या बाबतीत १९७८ साली अमेरिकेत ब्राऊन आणि बर्टन या दोघांनी मुलांच्या चुका तपासून दाखवलं की त्यांतल्या बऱ्याच निष्काळजीपणाच्या नसतात. मूल एक चुकीचा नियम मनात धरून तो अगदी शिस्तीत पाळत असतं. मुलाला "लक्ष नाही तुझं" म्हणण्याआधी ही गोष्ट आठवावी असं मला मनापासून वाटतं, कारण त्याचं लक्ष बहुतेक वेळा असतं.

तुमच्या वेगळ्या वहीत तीन रकाने आखा : मूल, त्याचं उत्तर, त्याने सांगितलेली रीत. रोज पाच मुलं घेतली तर तीसच्या वर्गाला सहा दिवस लागतात. दोनशिक्षकी शाळेत दोन वर्ग एकत्र असतील तर रोज तीनच घ्या. वेळ लागू द्या. पुढची प्रत्येक पायरी या वहीवर उभी आहे.

दुसरी पायरी : आधीचं काय पक्कं आहे

डेव्हिड ऑसुबेल यांनी १९६८ मध्ये मांडलं की शिकण्यावर सर्वांत जास्त परिणाम करणारी बाब म्हणजे शिकणाऱ्याला आधीपासून काय येतं, ती. वजाबाकीच्या या प्रकारासाठी तीन गोष्टी आधी लागतात.

एक, विसाच्या आतली वजाबाकी. १२ − ७ ला मूल बोटं मोजत बसलं, तर बोटं मोजून होईपर्यंत दशकाचं काय केलं होतं हे ते विसरतं.

दोन, गठ्ठा सोडला तरी काड्या तेवढ्याच राहतात ही समज. पियाजे याला अक्षय्यतेची जाणीव म्हणतात. ती सहसा सातव्या वर्षाच्या आसपास पक्की होऊ लागते, पण पुढेमागे होऊ शकते. मुलासमोर दहाचा गठ्ठा सोडून काड्या चटईवर पसरा आणि विचारा, "आता काड्या वाढल्या, कमी झाल्या, की तेवढ्याच?" ते "वाढल्या" म्हणालं, तर त्याच्याकडून फळ्यावरच्या वजाबाकीची अपेक्षा आज ठेवू नका. गठ्ठे बांधणं-सोडणं काही दिवस खेळू द्या.

तीन, संख्येचं नाव आणि तिचं लेखन यांची सांगड. ही आपल्या भाषेतली खास अडचण आहे आणि बाहेरून आलेल्या पुस्तकांत ती सापडणार नाही. "बावन्न" म्हणताना आधी 'बा', म्हणजे दोन ऐकू येतात, मग पन्नास. लिहिताना मात्र आधी पाच, मग दोन. ऐकलं तसं लिहिणारं मूल २५ लिहितं. "एकोणपन्नास"मध्ये तर ऐकू येतो पन्नास आणि लिहायचे असतात चार नि नऊ. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "पन्नास दोन", "वीस एक" असं वाचन आलं, तेव्हा राज्यभर मोठा वाद झाला. माझं मत असं की मुलाच्या कानावर दोन्ही असावीत. "बावन्न" ही त्याच्या घरातली, बाजारातली भाषा आहे, ती त्याच्याकडून काढून घेऊ नये. पण ५२ च्या पोटात काय आहे हे "पन्नास दोन" चटकन दाखवतं, म्हणून वजाबाकी करताना ते वाचन मोठ्याने म्हणून घ्यावं. "पन्नास दोन, म्हणजे बावन्न." दोन आठवडे रोज पाच मिनिटं एवढं केलं, तरी वहीतल्या उलट्या संख्या कमी झालेल्या दिसतात.

तिसरी पायरी : हात, चित्र, अंक

जेरोम ब्रुनर यांनी समजेची तीन रूपं सांगितली : कृतीतून, प्रतिमेतून, चिन्हातून. आपल्याकडे बहुतेक शाळांत पहिलं आणि तिसरं होतं, मधलं वगळलं जातं. तीन दिवस काड्या, चौथ्या दिवशी थेट फळा, आणि मुलाच्या मनात या दोन वेगवेगळ्या गोष्टी होऊन बसतात. काड्यांची वजाबाकी वेगळी आणि वहीची वेगळी.

असं करून पाहा. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडा. सत्तावीस काढायच्या आहेत. मूल आधी दोन गठ्ठे उचलेल, ते चालू द्या. मग सात सुट्या हव्यात आणि दोनच आहेत. इथे थांबा. काय करायचं हे तुम्ही सांगू नका, मिनिटभर वर्गाला विचार करू द्या. कोणीतरी रबर काढतंच. त्याने रबर काढलं त्याच वेळी शेजारी पाटीवर ५ खोडून ४ करा आणि २ च्या जागी १२ लिहा. कृती आणि चिन्ह एकाच क्षणी घडली पाहिजेत, सगळा जीव या एका क्षणात आहे. दुसऱ्या दिवशी काड्यांऐवजी चित्र : गठ्ठ्यासाठी उभी रेघ, सुट्यासाठी ठिपका. रेघ खोडून दहा ठिपके. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंक, पण अडलेल्या मुलाला कोपऱ्यात रेघा-ठिपके काढायची मोकळीक ठेवून.

महागडं साहित्य नाही म्हणून हे अडत नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासोबत काम केलं, तेव्हा माँटेसरींची विकतची साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, खडे, पानं, बिया यांतून साहित्य उभं केलं. त्या आदिवासी मुलांच्या हातात ज्या वस्तू रोज येत, त्याच शिकण्याच्या वस्तू झाल्या.

शब्दही असेच जवळचे घ्या. वजाबाकीत आपण "उसना" म्हणतो. पण उसनं घेतलेलं परत करायचं असतं, आणि इथे तर दशक परत जातच नाही. माझ्या वर्गात एका मुलाने मला विचारलं होतं, "सर, उसना घेतलेला परत कधी द्यायचा?" तेव्हापासून मी "मोड" हा शब्द वापरतो. दहाची नोट दिली, मोड आणली, दहा नाणी आली. किराणा दुकानात जाणाऱ्या प्रत्येक मुलाला हे येतं.

आणखी एक पाहा. काही घरांत आजी-आजोबा वेगळी रीत शिकवतात : बारातून सात गेले पाच, हातचा एक खालच्या दोनात मिळवून तीन, पाचातून तीन गेले दोन. उत्तर २५, अगदी बरोबर. ही जुनी रीत चूक नाही. पण शाळेची अर्धी आणि घरची अर्धी अशी सरमिसळ झाली तर मूल वरूनही एक कमी करतं आणि खालीही एक वाढवतं, आणि १५ येतात. वहीत उत्तर सतत दहाने कमी दिसलं की घरी कोण शिकवतं ते विचारा.

चौथी पायरी : करून दाखवा, मोठ्याने विचार करत

अल्बर्ट बंडुरा यांचा १९६१ मधला बाहुलीचा प्रयोग सगळ्यांना माहीत असतो. मोठ्या माणसाने फुगवलेल्या बाहुलीला मारलेलं पाहिलं, आणि मुलांनीही तसंच केलं. वर्गासाठी त्यांचे चार टप्पे अधिक कामाचे आहेत : अवधान, धारणा, प्रत्यक्ष करून पाहणं आणि प्रेरणा. फळ्याकडे तोंड करून भराभर सोडवलेलं गणित पहिल्याच टप्प्यावर संपतं. मुलांना पाठ दिसते, विचार दिसत नाही.

म्हणून डोक्यात जे चाललं आहे ते बोला. "मला तीनातून सात काढायचेत. जमत नाही. थांबा, उलटं करू का, सातातून तीन? नको, माझ्याकडे सात नाहीतच, तीनच आहेत. मोड आणते. आता दशक किती उरले? चार. आधी चार लिहून ठेवते, नाहीतर विसरेन." यातला "उलटं करू का" हा अडखळा मुद्दाम घ्या. तुमच्या पहिल्या पायरीच्या वहीत जी चूक जास्त दिसली, तीच इथे बोलून दाखवा आणि तिच्यातून बाहेर या. वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलाला फळ्यावर बोलावण्यापेक्षा नुकतंच जमू लागलेल्या मुलाला बोलवा. "त्याला जमलं तर मलाही जमेल" हे पाहणाऱ्याला वाटण्यासाठी दोघांत फार अंतर असून चालत नाही.

दाखवताना एक मर्यादा पाळा. कार्यरत स्मृतीत एका वेळी फार थोड्या गोष्टी मावतात. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सात, दोन इकडे-तिकडे, असा अंदाज दिला होता. नंतरच्या संशोधनात तो चारच्या आसपास आला. तिसरीच्या मुलासाठी मोड आणणं, वजा करणं, दशक कमी करणं आणि मांडणी सांभाळणं या चार गोष्टी झाल्याच. त्यावर "मीनाकडे ५२ बोरं होती" असं लांबलचक शाब्दिक उदाहरण पहिल्याच दिवशी नको. जॉन स्वेलर यांच्या कामातून निघालेला साधा उपाय असा : आधी दोन पूर्ण सोडवलेली गणितं समोर ठेवा, मग शेवटची ओळ मोकळी ठेवलेलं एक, मग अर्धं सोडवलेलं एक, आणि त्यानंतर कोरं.

पाचवी पायरी : आधार द्या, मग काढून घ्या

लेव्ह व्हिगॉट्स्की १९३४ मध्ये क्षयाने गेले, तेव्हा त्यांचं वय सदतीस होतं. त्यांचं समीप विकास क्षेत्र आपण व्याख्येसकट पाठ करतो. वर्गात त्याचा अर्थ फार व्यवहाराचा आहे. प्रत्येक मुलासाठी तीन प्रकारची गणितं असतात : एकट्याने येणारी, कोणाची थोडी साथ मिळाली तर येणारी, आणि साथ मिळूनही न येणारी. शिकवणं मधल्या प्रकारात घडतं. ५३ − २१ सहज सोडवणाऱ्याला तसलीच वीस दिलीत, तर वीस टिकमार्क मिळतील आणि दिवस वाया जाईल.

आधारासाठी आपण "पायाड" किंवा "मचाण" म्हणतो ती कल्पना व्हिगॉट्स्कींच्या नावावर टाकली जाते. ती मांडली वूड, ब्रुनर आणि रॉस यांनी, १९७६ मध्ये. इमारत उभी राहिली की पायाड सोडतात, हा त्यातला महत्त्वाचा भाग. नवे शिक्षक आधार मनापासून देतात आणि काढायचं विसरतात. मग मूल प्रत्येक ओळीनंतर मान वर करून तुमच्याकडे पाहतं.

म्हणून अडलेल्या मुलाला मदत करताना एक उतरंड ठरवून ठेवा. आधी काहीही न बोलता दहा सेकंद थांबा. मग विचारा, "आता काय अडलं?" तरी नाही, तर "सुटे पुरेसे आहेत का बघ." तरी नाही, तर काड्या पुढे सरकवा. तरीही नाही, तर एक गणित सोबत सोडवा आणि लगेच त्यासारखं दुसरं एकट्याला द्या. वहीत फक्त लिहून ठेवा, आज कितव्या टप्प्यावर गाडी सुटली. सोमवारी काड्या लागल्या आणि गुरुवारी नुसता प्रश्न पुरला, तर मूल शिकतंय. उत्तरपत्रिकेतल्या गुणांपेक्षा ही नोंद मला जास्त सांगते.

जोड्या लावतानाही हेच भान हवं. पहिला आणि शेवटचा अशी जोडी लावली की पहिला स्वतःच लिहून टाकतो. जवळच्या पातळीची दोन मुलं एकत्र बसवा आणि नियम करा : लिहिणारा बोलणार नाही, बोलणारा लिहिणार नाही.

मेळघाटात कोरकू, नंदुरबारकडे भिली किंवा पावरी, गडचिरोलीत गोंडी बोलणारी मुलं तुमच्या वर्गात असतील, तर या जोड्यांना त्यांच्या भाषेत बोलू द्या. विचार करण्याचं साधन भाषा आहे, हे व्हिगॉट्स्कींचं म्हणणं तिथे रोज खरं होताना दिसतं. मोड, सुटे, गठ्ठा यांना त्यांच्या भाषेत काय म्हणतात ते मुलांकडून शिकून घ्या आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

सहावी पायरी : सराव, पण कोणता

इथे सराव आणि त्याचा परिणाम यांवर भर देणारे थॉर्नडाईक आणि स्किनर येतात. ज्ञानरचनावादाच्या, म्हणजे मूल स्वतः अर्थ रचत शिकतं या विचाराच्या, प्रशिक्षणात त्यांना कालबाह्य म्हणून बाजूला सारतात, ते मला पटत नाही. रीत समजली तरी ती हातात बसायला सराव लागतोच.

थॉर्नडाईक यांनी १८९८ मध्ये पेटीतल्या मांजरांवरून सुरुवात केली आणि पुढे सरावाचा नियम मांडला, हे आपल्याला माहीत असतं. तो नियम त्यांनी स्वतःच नंतर सुधारला, हे मात्र फारसं शिकवलं जात नाही. त्यांनी लोकांना डोळे मिटून ठरावीक लांबीच्या रेघा हजारोंच्या संख्येने ओढायला लावल्या आणि रेघ बरोबर आली की नाही हे सांगितलं नाही. रेघा सुधारल्या नाहीत. परिणाम कळल्याशिवाय नुसता सराव काही शिकवत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका मुलीला चुकलेली दहा गणितं पाच-पाच वेळा लिहायला लावली होती. तिने ती पन्नासही चुकीच्या रीतीने लिहून आणली. चुकीचा सराव मीच करून घेतला होता.

१९५३ मध्ये स्किनर आपल्या मुलीच्या चौथीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसले. त्यांना दोन गोष्टी खटकल्या : सगळ्यांना एकाच वेगाने जावं लागत होतं, आणि उत्तर बरोबर की चूक हे मुलांना लगेच कळत नव्हतं. त्यातून त्यांनी अध्यापन यंत्र बनवलं. तुम्हाला यंत्र नको. पाठकोऱ्या कागदांचे पत्ते कापा, पुढे गणित, मागे उत्तर. मूल सोडवतं, उलटवून पाहतं, बरोबर असेल तर एका गठ्ठ्यात, चूक असेल तर दुसऱ्यात. ज्याचा त्याचा वेग. तुम्ही फक्त दुसऱ्या गठ्ठ्यापाशी बसता.

बक्षिसांबद्दल थोडं. स्केचपेनने चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीच्या मुलांना आधीच सांगून प्रमाणपत्र दिलं, तर पुढे ती त्या पेनांकडे कमी वळली, असं लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांना १९७३ मध्ये आढळलं. ज्याची गोडी आहे त्याला चॉकलेट लावू नका. जे करायलाच मूल तयार नाही, तिथे सुरुवातीला प्रबलन, म्हणजे बक्षीस किंवा कौतुक, चालतं, पण "शाब्बास"पेक्षा "आज दशक कमी करायला विसरली नाहीस" हे अधिक पोचतं, कारण काय जमलं ते त्यात आहे.

आणि भीती. पावलोव्ह यांच्या कुत्र्याला खाद्य येण्याआधीच्या खुणेनेच लाळ सुटू लागली. तसंच एखाद्या मुलाच्या पोटात गणिताचा तास सुरू झाला की गोळा येतो, कारण त्या तासाला कधीतरी अपमान जोडला गेला होता. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली आहे. फळ्यासमोर उभं करून हसं करणं छडीपेक्षा कमी नाही. अशा मुलाला महिनाभर फक्त जमणाऱ्या गणितांवर आणि तुमच्या शांत आवाजावर ठेवा. जोड सुटायला वेळ लागतो, आणि मध्येच एकदा आवाज चढला तर ती परत येते.

सातवी पायरी : विसरणं गृहीत धरा

हर्मान एबिंगहाऊस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं की शिकलेलं सुरुवातीला झपाट्याने आणि मग हळूहळू विसरतं. प्रकरण संपलं, चाचणी झाली, आता पुढचं, या रीतीत विसरण्याला जागाच ठेवलेली नसते. दुसरं म्हणजे, पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून सांगण्याने जास्त टिकतं. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ मधल्या प्रयोगात पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर आठवून पाहणारे.

वर्गात याचं रूप छोटं असतं. परिपाठानंतर पाटीवर तीन गणितं : एक कालचं, एक मागच्या आठवड्यातलं, एक मागच्या महिन्यातलं. गुण नाहीत, नोंद नाही. त्यांत एक मोड लागणारं आणि एक न लागणारं असू द्या, म्हणजे "आज मोडीचा दिवस" म्हणून डोळे झाकून दशक फोडणं थांबतं.

कोहलरबद्दल थोडक्यात. टेनेरिफ बेटावर त्यांच्या सुलतान या चिंपांझीने दोन काठ्या जोडून केळं ओढलं, ते थोडा वेळ प्रयत्न सोडून काठ्यांशी खेळत असताना. काही मुलं अशीच अचानक "सत्तावीसला तीन मिळवले की तीस, तिथून बावन्नला बावीस, म्हणजे पंचवीस" असं दुकानदाराच्या हिशेबाने सांगतात. त्यांना पुस्तकातल्या रीतीकडे ओढू नका. वर्गाला ऐकवा.

काय सोडून द्यावं

"हा मुलगा दृश्य शिकणारा, ती श्राव्य" अशी वर्गवारी करून त्याप्रमाणे शिकवण्याची पद्धत प्रशिक्षणांत अजून दिसते. पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधन तपासलं, तेव्हा मुलाच्या शैलीशी जुळवून शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा आधार सापडला नाही. काड्या, चित्र आणि बोलणं सगळ्यांनाच द्या.

दुसरं, ज्ञानरचनावाद म्हणजे शिक्षकाने काही सांगायचंच नाही, हा समज. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने आणि आपल्याकडे जून २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमाने हा शब्द प्रत्येक शाळेत पोचवला. अनेक शाळांत फरशा रंगल्या. त्या फरशीवर मूल काय करतं, हे मात्र शिक्षकावरच आहे. मूल स्वतः अर्थ रचतं हे खरं, आणि म्हणूनच ते चुकीचा अर्थही तितक्याच मेहनतीने रचतं. ३५ हे तसंच रचलेलं उत्तर आहे.

दोन महिन्यांनी

दोन अंकी वजाबाकी बसली असं वाटलं की ३०४ − १२७ द्या आणि पुन्हा पहिल्या पायरीची वही उघडा. २२३ आलं तर मोठ्यातून लहान वजा करण्याची जुनी सवय परतली आहे. १८७ आलं तर मुलाने शंभराची मोड आणली, दहा दशक लिहिले, पण त्यांतला एक सुट्यांकडे गेला हे मांडायचं राहिलं. दुसऱ्या मुलाला उत्तर सांगू नका. शंभराची एक नोट हातात द्या, दहाच्या दहा नोटा बदलून घ्यायला लावा, त्यांतली एक परत मोडायला लावा आणि विचारा, "आता दहाच्या किती उरल्या?"